वधूमातेची वही : प्रकल्प नोंदी

२७ ऑक्टोबर २०२४, कोथरूड

आज कामाला रीतसर सुरुवात केली. ताईच्या मुलीचे लग्न १६ फेब्रुवारीला ठरले आहे. ताईचे यजमान जाऊन सहा वर्षे झाली, त्यामुळे कार्यालय पाहण्यापासून आचाऱ्याशी बोलण्यापर्यंतची सगळी धावपळ ती एकटीच करते आहे. परवा कार्यालयात आगाऊ रक्कम भरताना तिथल्या व्यवस्थापकाने नोंदवहीत लिहिण्यासाठी "कन्यादानाला कोण बसणार?" असे सहज विचारले आणि ताई, जी त्याआधी अर्धा तास ताटांच्या दरावर त्याच्याशी नेटाने बोलत होती, एकदम गप्प झाली. तो रकाना रिकामाच राहिला.

त्यावरून ठरवले की मुलीच्या आईने लग्नात काय काय करायचे असते, ते तिने का करायचे असते आणि कुठे तिला थांबवले जाते, हे सगळे एका वहीत लिहून काढायचे. वही आम्हा तिघींची आहे. विचारपूस मी करेन, मजकूर संगणकावर माझी जाऊ उतरवेल, आणि लग्न जिचे आहे ती माझी भाची तो वाचून शंका काढेल. मराठीत मुलाच्या आईला 'वरमाय' हा तोऱ्याचा, बोलण्यात रुळलेला शब्द आहे. 'वधूमाय' शब्द कोशात असला तरी घरात कोणी तो वापरत नाही; तिला नुसते 'मुलीची आई' म्हणतात. वहीवर आम्ही मुद्दाम 'वधूमातेची वही' असे लिहिले.

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

भाऊ सहकुटुंब आला होता. ओवाळून झाल्यावर त्याने स्वतःहून विषय काढला आणि "ताई, काळजी करू नकोस, कन्यादान मी आणि ही करू" असे सांगितले. त्याच्या बोलण्यात प्रेमाशिवाय दुसरे काही नव्हते. आपल्याकडे मामाचा मान मोठाच आहे; गौरीहरापाशी बसलेल्या भाचीला अष्टपुत्री, म्हणजे लग्नातली पिवळी साडी, तो देतो, बोहल्यावर तोच घेऊन जातो. वडील नसले तर कन्यादान मामा-मामींनी किंवा काका-काकूंनी करावे, ही वहिवाटही जुनी आहे. ताईने "बघू या" एवढेच उत्तर दिले. मात्र निरांजन तबकात ठेवताना तिचा हात क्षणभर अडला, तो मी पाहिला. भाऊ देऊ करतो आहे तो आधार आहे, पण त्या आधाराने ताईची जागा भरते आणि ताई उभी राहते ती मांडवाच्या कडेला, ही गोष्ट त्याला सांगायची कशी, याचा विचार करत मी घरी आले.

१४ नोव्हेंबर २०२४

काल आमच्या आईकडे तुळशीचे लग्न लागले. ऊस, चिंचा, आवळे, बोरे मंडईतून मीच आणली. आई ८१ वर्षांची आहे. तिने वृंदावनाला गेरू लावला, बाळकृष्णाला आणून बसवले, अंतरपाट धरायला शेजारची दोन मुले बोलावली, आणि शेवटी झारीतून पाण्याची धार सोडत तुळशीचे कन्यादान केले. ही झारी तिच्या सासूबाईंची; ताईच्या आणि माझ्या लग्नातली धारही आईने हिच्यातूनच धरली होती. प्रसादाच्या लाह्या वाटताना ती जे म्हणाली ते जसेच्या तसे उतरवून घेतले आहे : "बावीस वर्षं मी एकटी तुळशीला उजवते आहे. देवाला जावई करून घेताना मी चालते, मग माणसाला जावई करून घेताना हिनं मागं का उभं राहायचं?"

वहीतील पहिला खराखुरा प्रश्न हा आहे. भाचीने त्याखाली तांबड्या शाईने रेघ ओढली.

२४ नोव्हेंबर २०२४

तीन आठवड्यांत अकरा जणींशी बोलणे झाले. त्यांत आमच्या सोसायटीतल्या सहा, सदाशिव पेठेतल्या दोन, मुळशीकडच्या एका वाडीवरच्या दोन आणि विश्रांतवाडीतील एक अशा आहेत. सगळ्या जणी मुलींच्या आया आहेत आणि सगळ्यांची लग्नकार्ये पार पडलेली आहेत.

सर्वांत पहिली नोंद अशी की मुलीच्या आईचे काम लग्नाच्या दिवशी जेवढे दिसते त्याच्या कितीतरी पट आधीच होऊन गेलेले असते. याद्या तिच्याच हातच्या असतात. कोणाला पत्रिका पोस्टाने चालेल आणि कोणाकडे अक्षत घेऊन जातीनेच गेले पाहिजे, कोणत्या आतेसासूबाईंना मागच्या कार्यात साडी हलकी वाटली होती, कोणाच्या पंक्तीला कोण बसू नये, हा सगळा हिशेब तिच्या डोक्यात असतो. विहीणबाईंच्या ओटीसाठी नारळ, खण, तांदूळ, हळकुंडे, सुपाऱ्या, खारका, बदाम ती वेगवेगळ्या पुड्यांत बांधून वर चिठ्ठ्या लावून ठेवते, कारण ऐन सीमांतपूजनाच्या, म्हणजे वराकडच्यांच्या स्वागताच्या, वेळी पिशव्या धुंडाळायला सवड नसते.

रुखवताबद्दल सदाशिव पेठेतल्या आजींनी जे सांगितले ते मला नवे होते. हल्ली रुखवत म्हणजे टेबलावर मांडलेली शोभा, त्यात खणाच्या बाहुल्या, साखरेचा किल्ला, लोकरीची तोरणे. त्यांच्या लहानपणी रुखवत म्हणजे जानवसघरी उतरलेल्या नवरदेवाला लग्नाला बोलावताना न्यायचा फराळ होता, आणि मुलीच्या आईने स्वतःच्या हाताने केलेले चार पदार्थ त्यात असावेत हा आग्रह असे. त्या म्हणाल्या, "लेकीच्या सासरी आपल्या हातची चव आधी पोचते, लेक मागून." कुरडया, सांडगे, पापड रुखवतात आजही मांडतात ते त्या खाऊपणाची खूण म्हणून, असे त्यांचे मत आहे आणि ते मला पटते.

मुळशीच्या दोघींच्या बोलण्यात विधींपेक्षा बस्ता, मांडवडहाळे, देवकाची पाने आणि हळद यांनाच जागा अधिक होती. त्यांतल्या थोरलीने लग्नाची हळद जात्यावर दळताना ओव्या म्हटल्याची आठवण सांगितली आणि दोन ओव्या म्हणूनही दाखवल्या. पुणे जिल्ह्यातल्या अशाच बायकांच्या तोंडून हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली आणि आज तो संग्रह लाखाच्या वर गेला आहे. त्या ओव्यांत सासरी गेलेल्या लेकीसाठी झुरणारी आई पुन्हा पुन्हा भेटते. लग्नविधींच्या पोथ्यांत तिला बोलायला एक ओळ नाही, पण जात्यापाशी तिने बोलायचे काही बाकी ठेवलेले नाही.

विश्रांतवाडीच्या ताईंकडे बौद्ध पद्धतीने लग्न झाले. त्रिशरण, पंचशील आणि वधूवरांच्या प्रतिज्ञा असा विधी असल्यामुळे तिथे कन्यादानच नाही आणि म्हणून त्यातून कोणाला वगळण्याचा प्रश्नही नाही. त्या स्वतः विधवा आहेत. संपूर्ण विधी होईपर्यंत त्या मुलीशेजारी उभ्या होत्या. "मला कुठं उभं राहायचं ते कुणाला विचारावं लागलं नाही," हे त्यांचे वाक्य ताईला वाचून दाखवले. तिने वही हातात घेऊन ते पुन्हा स्वतः वाचले.

८ डिसेंबर २०२४

ज्या गुरुजींकडे आमच्या घरातली कार्ये आजवर होत आली, त्यांच्याकडे ताई आणि मी गेलो होतो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि पत्नी डाव्या-उजव्या हाताला असल्याशिवाय यजमानाचा अधिकार पुरा होत नाही, इथे तर यजमानच नाही, तेव्हा कन्यादान मामा-मामींनी करावे आणि आईने "हवे तर" अक्षता टाकाव्यात, असे सांगितले. ते वाईट बोलले नाहीत. परंतु त्या "हवे तर"ने ताईच्या डोळ्यांत पाणी आले. जिने मुलगी वाढवली, शिकवली, कार्य उभे केले, तिने हवे असले तर अक्षता टाकाव्यात, हे मला मान्य नाही, आणि ते तसे मी त्यांना नम्रपणे सांगितले.

परतताना कर्वे रस्त्याने आलो. ज्यांचे नाव या रस्त्याला आहे त्यांनी १८९३ मध्ये विधवा असलेल्या गोदूबाईंशी विवाह केला आणि १८९६ मध्ये याच पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. त्याच्याही आधी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, जोतीराव फुल्यांनी इथेच सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुरोहितावाचून लग्ने लावून दाखवली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने तो इतर गावांपुढे ठेवला, हेही ताजेच आहे. एवढे सगळे होऊन गेलेल्या मुलखात ताईला अजून परवानगी मागावी लागते, ही खंत इथे नोंदवून ठेवते.

१५ डिसेंबर २०२४

पुण्यात स्त्रिया पौरोहित्य करतात हे काही नवे राहिलेले नाही. शंकर सेवा समिती आणि ज्ञानप्रबोधिनी यांनी त्यासाठी बायकांना शिकवून तयार केले त्याला आता काही दशके झाली. अशाच एका पुरोहित बाई ताईच्या मैत्रिणीच्या ओळखीतून भेटल्या. आजची नोंद लांबणार आहे, कारण आज वहीचे सारच हाती लागले.

आधी भाचीने स्वतःची अडचण मांडली. तिला 'दान' हा शब्दच नको होता. कायद्यालाही तो लागत नाही, असे तिने वाचून ठेवले होते, आणि ते खरे आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलम रूढीप्रमाणे विधी करण्यास सांगते आणि त्यात सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो असे म्हणते. कन्यादान झालेच पाहिजे असे नाही, हे मार्च २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानेही सांगितले आहे. "मग आपण ते गाळूनच टाकू, म्हणजे आईला कोणी अडवायचा प्रश्नच उरणार नाही," असे ती म्हणाली.

ताई हळू आवाजात म्हणाली, "मला ते हवं आहे गं." मुलीची पुरोगामी भूमिका आणि आईची इच्छा अशी समोरासमोर आलेली पाहून मी काही बोलले नाही. भाचीचे म्हणणे चूक नाही. पण अख्ख्या विवाहविधीत मुलीच्या आईला हाताने करायला जे एक ठळक काम दिलेले आहे ते कन्यादानातच आहे, आणि सुधारणेच्या नावाखाली तेच काढून टाकले तर आई विधीतून संपूर्णच जाते, हेही मला दिसत होते.

पुरोहित बाईंनी मग विधी उलगडून दाखवला. मध्ये काशाचे भांडे असते, त्यावर वधूच्या, वराच्या आणि पित्याच्या ओंजळी एकत्र येतात आणि त्यांवर आई पाण्याची अखंड धार धरते. आई बोलत नाही. बोलतात ते वडील. धर्मात, अर्थात आणि कामात तू हिला ओलांडून जाऊ नकोस, अशा अर्थाचे "नातिचरितव्या त्वयेयम्" ते वराला म्हणतात आणि वर "नातिचरामि" म्हणून तीन वेळा शब्द देतो. बाई म्हणाल्या, "दानाचा संकल्प बाजूला ठेवू या, हात सोपवण्याचा ठेवू या. पण हे वचन मागणं कशाला सोडता? ते मुलीच्याच बाजूचं आहे. वडील नसतील तर ते आईनं मागायचं."

खोलीत काही वेळ कोणीच बोलले नाही. ताई आजवर स्वतःला त्या विधीत धार धरणारी म्हणूनच पाहत होती आणि धार धरायलाही आपण चालणार नाही याचे दुःख करत होती. वचन मागणारी आपण असू शकतो हे तिच्या मनातही आले नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझ्याही नव्हते. भाचीने लगेच होकार दिला. तिच्या शब्दांत, "आईनं त्याला विचारायचं असेल, तर मी कितीही वेळ ओंजळ धरून बसेन."

एक प्रश्न मात्र उरला. आईची ओंजळ खाली गेली तर धार कोणी धरायची? भावाला फोन केला. तो थोडा वेळ थांबून म्हणाला, "आपल्या आईला सांगा. तीच धरेल."

२ जानेवारी २०२५

पत्रिकेचा मसुदा पक्का केला. छापखान्याच्या तयार नमुन्यात मुलीच्या आईच्या नावामागे 'गं. भा.' (गंगा भागीरथी, विधवेच्या नावामागे लावायची उपाधी) होते. ते काढून 'श्रीमती' केले आणि निमंत्रक म्हणून ताईचे एकटीचे नाव वर घेतले. पौष सुरू असल्यामुळे छपाई उरकून ठेवायची आणि पहिली पत्रिका माघ लागल्यावर कसबा गणपतीपुढे ठेवायची असे आईने सांगितले आहे.

११ जानेवारी २०२५

आईची तांब्याची झारी घेऊन कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेले. तुळशीच्या लग्नात पाहिले होते की धार मध्येच तुटते. तोटीच्या मुळाशी सांधा उकलला होता आणि पाणी तोटीतून येण्याऐवजी पोटावरून ओघळत होते. कारागिराने झारी उलटी धरून आत फुंकर घातली, सांध्यावर बोट फिरवले, आणि जुना डाग खरवडून नवा देतो म्हणाला. डाग देऊन झाल्यावर त्याने ती नळाखाली भरून एका बादलीत ओतून दाखवली. बोटाएवढी, सरळ, न थरथरता पडणारी धार होती. "किती वेळ धरायची आहे?" असे त्याने विचारले तेव्हा मला उत्तर ठाऊक नव्हते, म्हणून आम्ही दोघांनी ती झारी भरून पूर्ण रिकामी होईपर्यंत घड्याळ लावून पाहिले. दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागला. वहीत हे मुद्दाम लिहिले आहे, कारण तीन वचने शांतपणे मागायला एवढा वेळ पुरतो की नाही, हे बाईंना विचारायचे आहे.

तिथूनच पुढे बुरूड आळीत जाऊन ऐरणीदानासाठी, म्हणजे मुलगी सासरच्यांच्या हाती सोपवण्याच्या विधीसाठी, वेळूची टोपली आणि सूप सांगितले. 'वंश' म्हणजे वेळू आणि 'वंश' म्हणजे कुळ. एका कोंबापासून बेट होते म्हणून टोपली वेळूचीच हवी.

२६ जानेवारी २०२५

विहीणबाई घरी आल्या होत्या. सीमांतपूजनात मुलीच्या आईने वरमायचे पाय धुवायचे, या गोष्टीबद्दल अकरांपैकी आठ जणींनी आपापले कडू अनुभव सांगितले होते. एकीला पाणी गार म्हणून ऐकून घ्यावे लागले होते, एकीला त्या वेळी तांदळाएवढा शब्द बोलायची सोय नव्हती. ताई हा विषय कसा काढावा याची जुळवाजुळव करत होती, तेवढ्यात विहीणबाईंनीच सांगितले की माझे पाय धुवायचे नाहीत, आपण एकमेकींची ओटी भरू. ताई म्हणाली, "माझी ओटी?" त्यावर त्यांचे उत्तर होते, "तुमचीच. मुलगी तुम्ही देताय." नंतर चहा होईपर्यंत दोघी हळव्या होऊन बसल्या होत्या. अशा विहिणी सगळ्यांना मिळत नाहीत याची मला जाणीव आहे, म्हणून वहीत पाय धुण्याच्या प्रथेचे पान मी गाळलेले नाही.

९ फेब्रुवारी २०२५

मुहूर्त केला. जात्याला, उखळ-मुसळाला सूत गुंडाळून हळकुंडे दळायला पाच सुवासिनी बसवतात. आम्ही सुवासिनी न म्हणता पाच जणी बसवल्या आणि त्यांत जात्याच्या खुंट्याला पहिला हात ताईचा होता. एका वडीलधाऱ्या नातेवाईक बाईंना ते रुचले नाही आणि त्या आतल्या खोलीत जाऊन बसल्या. आईने त्यांना हाक मारून दुसरी खेप दळायला बोलावले. त्या आल्या.

१७ फेब्रुवारी २०२५

काल लग्न लागले. थकवा फार आहे, तरी विसरण्याआधी लिहिते.

सकाळी गौरीहरापाशी भाची बसली, भावाने अष्टपुत्री दिली, अंतरपाट धरला, मंगलाष्टके झाली. मग बाईंनी काशाचे भांडे मध्ये घेतले. ताईने मोरपंखी पैठणी नेसली होती, जी तिच्या यजमानांनी आणलेली शेवटची साडी. तिने लेकीची ओंजळ आणि जावयाची ओंजळ आपल्या ओंजळीबरोबर धरली. आई खुर्चीत बसूनच धार धरणार होती, पण तिने उभे राहण्याचा हट्ट धरला. भावाने तिचा कोपर मागून सावरला. झारी जड होती. पहिल्या क्षणी धार हलली, मग स्थिर झाली.

बाईंनी संस्कृत सांगितले, ताईने ते म्हटले, आणि नंतर, ठरलेले नसताना, मराठीत म्हणाली, "हिला टाकून पुढं जाऊ नकोस." जावयाने "नातिचरामि" म्हटले. दुसऱ्या वेळी तिचा आवाज दाटला. तिसऱ्या वेळी तो इतका स्पष्ट होता की मागच्या रांगेत पत्रावळींचा हिशेब करत असलेला आचारीही थांबून पाहत होता. झारीत थोडे पाणी उरले. भावाने ते भाचीच्या आणि ताईच्या हातांवर ओतले. हे कोणत्याही पोथीत नाही.

सप्तपदीनंतर ऐरणीदान. वेळूच्या टोपलीतले कणकेचे दिवे लावायला वारा होता, दोन वेळा विझले. टोपली विहीणबाईंच्या डोक्याला टेकवताना सगळेच गहिवरले. पाठवणीबद्दल काही लिहीत नाही.

राहिलेल्या त्रुटी : विहिणींच्या पंगतीत 'विहीण' हे गाणे म्हणायला कोणी पुढे झाले नाही, पुढच्या कार्यात आधीच दोघींना सांगून ठेवावे. ओटीच्या पुड्यांपैकी एक घरीच राहिली. अक्षतांच्या वाट्या कमी पडल्या.

२ मार्च २०२५

मांडव परतणे झाले, लेक येऊन गेली. वहीची ६४ पाने झाली आहेत. अकरा जणींना एकेक प्रत दिली आणि तीन प्रती पुरोहित बाईंनी मागून घेतल्या. कन्यादानाच्या पानावर धार धरणारी, वचन मागणारी आणि वचन देणारा अशा तीन जागा आखून नावे लिहायला रेघा रिकाम्या ठेवल्या आहेत. ताई दुपारी येऊन आपल्या प्रतीत त्या भरून गेली. झारी धुऊन, पुसून आईच्या देवघरात ठेवली आहे.